मदत हवी आहे: सारंगी घेऊन क्रीटला जायचंय

नमस्कार मंडळी, ग्रीसच्या क्रीट बेटावर हुदेत्सी गावात संगीतकार रॉस डेली यांच्या 'लॅबिरिंथ' या संस्थेच्या संगीत कार्यशाळा होतात. तिथे राहून क्रीटची लिरा, म्हणजे तिथलं गजाने वाजवायचं तंतुवाद्य, शिकायची फार इच्छा आहे. लिराची तारही सारंगीसारखी बाजूने नखाने दाबतात, आणि डेलींनी तर आपल्या लिराला तरफाही (आपोआप झंकारणाऱ्या जास्तीच्या तारा) लावल्यात!

अडचण कानाची आहे. मकाम म्हणजे अरबी-तुर्की संगीतातले रागासारखे प्रकार; त्यातल्या 'रास्त'चा गंधार (ग) कोमल आणि शुद्ध यांच्या मधला; माझं बोट हटकून शुद्धावरच जातं. ऊद (तिकडचं छेडून वाजवायचं तंतुवाद्य) किंवा नेयवर (तिकडची बासरी) हे स्वर कुणी घोटलेत का? तंबोरा लावून, की नुसतं ऐकून?

शिवाय विमानात सारंगी जवळ ठेवू देतात का? कातड्याचं वाद्य सामानात टाकायला जीव धजत नाही. व्हिसासाठी कार्यशाळेचं पत्र पुरतं का, तेही कृपया सांगा.