दोन्ही बाजू छापल्या म्हणजे झालं?
"बातमीदाराने दोन्ही बाजू मांडाव्यात, निवाडा वाचक करतील" हे म्हणणं ऐकायला बरं वाटतं, पण हा प्रयोग एकदा चांगलाच अंगाशी आलेला आहे. फेब्रुवारी १९५० मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थीने अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट घुसल्याचा आरोप केला. आकडा आधी २०५, मग ५७. बरीचशी वृत्तपत्रं "सिनेटर म्हणाले" एवढं लिहून मोकळी. त्यात खोटं काहीच नव्हतं, तो खरंच तसं म्हणाला होता! पण आरोप ठळक मथळ्यात आणि खुलासा आतल्या पानात, तोही उशिरा. शिवाय छपाईच्या वेळा त्याला पाठ होत्या. शहानिशेला उसंत मिळू नये अशा बेताने तो बोलायचा. अमेरिकी पत्रकार एडवर्ड मरोचा सीबीएस वाहिनीवरचा, मॅकार्थीला उघडं पाडणारा गाजलेला कार्यक्रम आला मार्च १९५४ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी. त्यातही बरीचशी मॅकार्थीचीच दृश्यं होती, फक्त शेजारी वस्तुस्थिती ठेवलेली.

अर्थात बातमीच दाबा, असं मी म्हणत नाहीये. २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींवर झालेल्या हल्ल्यानंतर न्यूझीलंडमधल्या मोठ्या माध्यमसंस्थांनी खटल्याचं वार्तांकन केलं, पण हल्लेखोराच्या विचारांचा प्रचार होऊ द्यायचा नाही हे आधीच आपसांत ठरवून. खटला लोकांपर्यंत पोचला, भोंगा तेवढा त्याच्या हाती दिला नाही.