ग्रामीण रुग्णालयात रात्री पॉलिट्रॉमा (एकाच वेळी अनेक जागी गंभीर मार लागलेला पेशंट) आला, तर पहिली वीस मिनिटं कशात घालवायची?

घाटपायथा (प्रश्न)

हायवेलगतचं ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय धरा. रात्रपाळीला एक वैद्यकीय अधिकारी, एक सिस्टर, एक वॉर्डबॉय. सर्जन नाही, भूलतज्ज्ञ नाही, सीटी नाही. ब्लड स्टोरेजमध्ये असल्याच तर ओ पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या. जिल्हा रुग्णालय घाट चढून दोन-अडीच तासांवर.

एबीसीडीई (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्धी, अंग उघडून तपासणी) सगळ्यांना पाठ आहे. अडतं ते तीन माणसांत ते बसवताना. बाइक-ट्रकची धडक, पेशंट ३० वर्षांचा, नाडी १३०, बीपी ८०, जीसीएस (शुद्धी मोजणारे गुण) ७, श्वास धापा टाकत, मांडी वाकडी. अशा वेळी सलाईन किती सोडायचं? श्वासनलिकेत ट्यूब टाकून पाठवायचं की तशीच गाडी सोडायची? एक्स-रे, टाके, एमएलसी (पोलीस केसची नोंद) यांतलं काय करायचं आणि काय सोडायचं? कृपया पुस्तकातला तक्ता नको, प्रत्यक्ष क्रम सांगा.

शल्यक

पहिलं काम पेशंटला हात लावायच्या आधीचं: वॉर्डबॉयला १०८ला फोन करायला लावा आणि जिल्ह्याच्या कॅज्युअल्टीला कळवायला सांगा. तुमच्याकडे सर्जन नाही, म्हणजे हा पेशंट जाणारच आहे. तो निर्णय चाळिसाव्या मिनिटाला घेण्यात काय अर्थ? गाडी येईपर्यंतच्या वेळात बाकी सगळं बसवायचं.

मग वाहतं रक्त. ते श्वासनलिकेच्याही आधी. हातापायातून धार लागली असेल तर जखमेच्या ५ ते ७ सेंटीमीटर वर, सांध्यावर नाही, टूर्निके (रक्त थांबवणारा आवळपट्टा). तयार टूर्निके नसेल तर बीपीचा कफ बांधून २५० पर्यंत फुगवा आणि नळीला आर्टरी फोर्सेप (चिमटा) लावा, नाहीतर हवा हळूहळू उतरते आणि चादरीखाली पुन्हा धार सुरू होते. सलाईन लावताना दंडाला बांधतो ती रबराची बारीक पट्टी कधीही वापरू नका. तिने फक्त शीर दबते, धमनी चालूच राहते आणि रक्त उलट जास्त जातं. बांधल्याची वेळ पेशंटच्या कपाळावर मार्करने लिहा. जांघेत किंवा काखेत टूर्निके बसत नाही. तिथे रोलर गॉज जखमेच्या तळापर्यंत बोटाने ठासून भरायचा आणि घड्याळ लावून तीन मिनिटं सरळ हातांनी दाबायचं. मध्ये उचलून "थांबलं का" बघायचं नाही.

नंतर छाती. एक बाजू हलत नाही, त्या बाजूला हवेचा आवाज नाही, बीपी खाली: हा टेन्शन न्यूमोथोरॅक्स, म्हणजे छातीत कोंडलेली हवा फुप्फुस आणि हृदय दाबतेय. एक्स-रेची वाट न बघता ती हवा काढायची. मानेच्या शिरा फुगलेल्या दिसतीलच असं नाही, कारण रक्त गेलेल्या माणसाच्या शिरा फुगणार कुठून? श्वासनलिका सरकणं ही फार उशिराची खूण.

मग कंबर. नाडी जलद आणि रक्त बाहेर दिसत नाही, तर ते चारांपैकी एका जागी आहे: छाती, पोट, पेल्विस (कंबरेचं हाडांचं कडं) किंवा मांडी. एकट्या मांडीच्या हाडात एक ते दीड लिटर मावतं. पेल्विस दाबून, हलवून तपासू नका. तयार झालेली गुठळी हलली की रक्त पुन्हा सुरू. संशय आला की चादर बांधा. चादर २०-२५ सेंटीमीटर रुंद घडीची करून गुडघ्यांच्या पोकळीतून खाली सरकवा आणि वर न्या. मांडीच्या वर बाहेरच्या बाजूला जे हाड हाताला लागतं, त्या ट्रोकँटरच्या पातळीवर ती आली पाहिजे. बहुतेक वेळा ती पोटावर, पँटच्या पट्ट्याच्या जागी बांधलेली दिसते. तिथे बांधून पेल्विस मिटत नाही, उलट उघडू शकते. दोघांनी दोन्ही टोकं ओढायची, पीळ द्यायचा, दोन टॉवेल क्लिप लावायच्या. गुडघे आत वळवून एकमेकांना बांधा. मांडीला थॉमस स्प्लिंट (पाय ताणून धरायची चौकट) असेल तर ओढ द्या. नसेल तर पाय दुसऱ्या पायाला बांधा. तेवढ्यानेही रक्त कमी जातं.

सलाईन: कोमट आरएल (रिंगर लॅक्टेट) एक लिटर, तेही एका दमात नाही. २५०-२५० मिली देऊन नाडी आणि बीपी पाहत जा. तीन-चार बाटल्या धडाधड सोडल्या की बीपी ११० होतो, सगळ्यांना बरं वाटतं, आणि अर्ध्या तासात रक्त पाण्यासारखं पातळ होऊन गुठळी सुटते. नुसता रक्तस्राव असेल आणि डोक्याला मार नसेल तर ८० ते ९० सिस्टॉलिक (बीपीचा वरचा आकडा) पुरे. पण तुमच्या पेशंटचा जीसीएस ७ आहे, म्हणून इथे ते चालणार नाही. त्याच्या वयाला ११० च्या वर ठेवायचा प्रयत्न हवा, मेंदूला एकदाही कमी दाब सोसत नाही. अशा वेळी दोन पिशव्या आहेत त्या याच्यासाठीच. पुरुषाला ओ पॉझिटिव्ह चालतं, फक्त क्रॉसमॅचचा (रक्त जुळवून बघायचा) नमुना आधी काढून ठेवा. हीमॅक्सेलने, म्हणजे जिलेटिनच्या सलाईनने, बीपीचा आकडा सुधारतो, जगण्याची शक्यता नाही.

ट्रॅनेक्सामिक अॅसिड (गुठळी टिकवणारं औषध) १ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमचे दोन अँप्यूल १०० मिली एनएसमध्ये (नॉर्मल सलाईन) दहा मिनिटांत. झपकन ढकललं तर बीपी पडतो. पुढचा १ ग्रॅम ५०० मिलीत आठ तासांत, साध्या सेटने मिनिटाला २० ते २१ थेंब. हे अपघातापासून तीन तासांच्या आत. २०१० च्या क्रॅश-२ चाचणीत तीन तासांनंतर दिलेल्यांत रक्तस्रावाने मृत्यू वाढलेले दिसले. म्हणून "अपघात किती वाजता झाला" हा प्रश्न नातेवाइकांना पहिल्या मिनिटाला विचारा.

एक्स-रे: पेशंट पाठवायचाच आहे, तर टेक्निशियनला उठवू नका. टाके: चेहरा, हात, पाय सगळं नंतर, दाबपट्टी पुरे. अपवाद डोक्याच्या कातडीचा. ती भळभळ वाहते, रोलर गुंडाळला तरी आतून झिरपत राहते आणि घाटात तासाभरात चादर भिजते. जाड सिल्कने पूर्ण जाडीचा सलग टाका घाला, पाच मिनिटं लागतात.

भूलशास्त्र

शल्यक सरांच्या क्रमाला माझी हरकत नाही. ट्यूबबद्दल मात्र लिहितो, कारण जीसीएस ८ च्या खाली म्हणजे ट्यूब हे सूत्र इतकं पाठ झालंय की लोक शॉकमधल्या पेशंटला पूर्ण डोसने झोपवतात आणि ट्यूब गळ्यात उतरेपर्यंत नाडी लागत नाही. भुलीने शिरा सैल पडतात, आणि श्वास द्यायच्या अँबू पिशवीच्या दाबाने छातीत परत येणारं रक्त अडतं. आधीच रिकाम्या माणसाला हे झेपत नाही. म्हणून आधी रक्त किंवा सलाईन चालू, मग औषध.

भुलीचं केटामीन शॉकमध्ये किलोला ०.५ मिलिग्रॅम. ६० किलोला ३० मिलिग्रॅम, ५० च्या वायलमधून ०.६ मिली. स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन मात्र कमी करायचं नाही, किलोला १.५ मिलिग्रॅम. रक्ताभिसरण मंद असतं, औषध पोचायला वेळ लागतो. मानेच्या कॉलरचा पुढचा भाग सोडा, एकाने दोन्ही हातांनी डोकं सरळ धरा. बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी काडी) हाताशी ठेवा, सक्शन चालू करून उशीखाली. ट्यूब ओठाशी पुरुषाला २३, बाईला २१.

आणि छाती न तपासता पिशवी दाबू नका. साधा न्यूमोथोरॅक्स दाबाच्या हवेने पाच मिनिटांत टेन्शन होतो. बरगड्या मोडल्यात आणि कातडीखाली हवा चुरचुरतेय, तर ट्यूबबरोबर आयसीडी (छातीतली हवा-रक्त काढणारी नळी) घालूनच गाडीत चढवा.

हाताला सवय नसेल, मदतीला कोणी नसेल, तर ट्यूबचा हट्ट नको. जॉ थ्रस्ट (जबडा पुढे उचलणं), सक्शन, तोंडातून एअरवे (जीभ मागे पडू न देणारी नळी). एअरवे सोसवतोय म्हणजे घशाचा प्रतिक्षेप गेलेला आहे, मग आय-जेल (घशात बसणारी श्वासाची नळी) बसेल, ५० ते ९० किलोला ४ नंबर. नाकातून काहीही घालू नका, डोळ्यांभोवती काळं पडलंय किंवा नाकातून पाणी येतंय तर अजिबात नाही. पोटात घालायची रायल्स ट्यूबसुद्धा तोंडातून.

पिशवी सहा सेकंदांना एकदा. घाबरलेला हात ती मिनिटाला तीसदा दाबतो. कार्बन डायऑक्साइड खाली जातो, मेंदूच्या धमन्या आकसतात आणि सूज न येताच मेंदू उपाशी राहतो. कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) नसेल तर तोंडाने मोजा.

घाटपायथा

सर, दोन गोष्टी. टेन्शनसाठी आमच्याकडे फक्त १४ नंबरचा केशरी कॅन्युला आहे. आणि डोक्याला मार दिसला की मॅनिटॉल (मेंदूची सूज उतरवणारं) आणि डेक्सा (स्टिरॉइड) हा रिवाज आहे, न देता पाठवलं तर पुढचे विचारतात "काहीच दिलं नाही का?"

शल्यक

विचारू देत. स्टिरॉइड डोक्याच्या मारात मृत्यू वाढवतं, दहा हजार पेशंटांच्या क्रॅश चाचणीने ते २००४ मध्येच दाखवलं. डेक्साची वायल ट्रॉमा ट्रेमधून काढूनच टाका. मॅनिटॉल फक्त एक बाहुली मोठी होऊन प्रकाशाला हलत नसेल किंवा एक बाजू लुळी पडत चालली असेल तर, आणि तेही बीपी चांगला असताना. किलोला अर्धा ग्रॅम धरला तर ६० किलोला २० टक्क्यांचं १५० मिली. बीपी ८० असताना मॅनिटॉल म्हणजे उरलंसुरलं रक्त लघवीतून बाहेर काढणं. त्यापेक्षा डोक्याकडची बाजू ३० अंश वर करा, मणक्याचा संशय आहे म्हणून सगळी ट्रॉलीच तिरकी करा, आणि कॉलर सैल आहे ना ते पाहा. घट्ट कॉलरने मानेच्या शिरा दबतात.

कॅन्युला: जागा आता मोठ्यांत चौथ्या-पाचव्या बरगडीच्या मध्ये, काखेच्या मधल्या रेषेच्या किंचित पुढे. जुनी कॉलरबोनखालची जागा लहान मुलांसाठी. अडचण ही की नेहमीचा कॅन्युला साडेचार-पाच सेंटीमीटरचा, जाड छातीत तो आत पोचतच नाही, किंवा आत जाऊन वाकतो. हवेचा फुस्स आवाज आला नाही म्हणजे टेन्शन नव्हतं असं समजू नका. त्याच जागी ब्लेडने तीन-चार सेंटीमीटरचा छेद घ्या, बरगडीच्या वरच्या कडेने आर्टरी फोर्सेप आत ढकला, उघडा, मग बोट घाला. फुप्फुस बोटाला लागलं पाहिजे. बोट घालताना मोडलेल्या बरगडीच्या टोकाने हातमोजा फाटतो, दोन जोड घाला. मग २८ किंवा ३२ नंबरची ट्यूब. ट्यूब घातल्याबरोबर दीड लिटर रक्त आलं तर जिल्ह्याला फोन करून सांगा की पेशंट थेट ओटीत घ्यायचाय.

इन्चार्ज सिस्टर

डॉक्टर सगळे औषधांवर बोलतात, मी हातांवर बोलते. तीन माणसं असतील तर कामं पेशंट यायच्या आधीच वाटलेली हवीत. डॉक्टर डोक्याशी, सिस्टर दोन सुया आणि नमुना, मामा (वॉर्डबॉय) कपडे कापणार आणि जखम दाबणार. कपडे ओढून काढायचे नाहीत, मोठ्या कात्रीने शिवणीच्या बाजूने कापायचे. पाठ, काख, जांघ, केसांत हात फिरवून हातमोज्यावर रक्त लागतंय का ते बघायचं. मग लगेच पांघरूण. गार पडलेल्या रक्ताची गुठळी बनत नाही, आणि कॅज्युअल्टीचा पंखा, भिजलेली चादर, फ्रीजसारखं सलाईन सगळं मिळून ते गार करतं. बाटल्या कोमट पाण्याच्या टबात ठेवा, हाताला सोसेल इतकंच. रक्ताची पिशवी गरम पाण्यात कधीच नाही, पेशी फुटतात.

सुया दोन, करड्या १६ नंबरच्या. गुलाबी २० नंबरातून १६ च्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच जातं, मग कितीही पिशवी पिळा. हात सापडत नसेल तर गुडघ्याखाली नडगीच्या हाडात, गाठीच्या आतल्या बाजूला, आयओ (हाडात घालायची सुई). ती वापरता येत नाही म्हणून किट कपाटात बंद असतं, हेच जास्त दिसतं.

आणि पेशंट हातपाय झाडतोय, शिव्या देतोय तर "दारू प्यायलाय" म्हणून झोपेचं मिडॅझोलाम भरू नका. आधी ऑक्सिजन आणि बीपी बघा. तोंडाला वास येत असला तरी बघा.

१०८वाला

गाडीतल्या चुका सांगतो. ऑक्सिजन सगळ्यात मोठी. बी टाइप सिलिंडर दहा लिटर पाण्याच्या क्षमतेचा. गेजवरचा आकडा गुणिले दहा म्हणजे साधारण लिटर. काटा ७५ वर असेल तर ७५० लिटर, मिनिटाला दहाने ७५ मिनिटं. घाट अडीच तासांचा. दुसरा सिलिंडर चढवल्याशिवाय दार लावू नका, आणि चावी सिलिंडरला बांधलेली आहे ना ते बघा.

आयसीडीची नळी प्रवासात क्लँप करायची नाही, हवा गळत असेल तर पुन्हा टेन्शन होतो. बाटली छातीच्या खाली, नळी पाण्यात दोन सेंटीमीटर. स्ट्रेचर उचलताना कोणीतरी बाटली पेशंटच्या पोटावर ठेवतोच, आणि पाणी उलट छातीत. युरोबॅग (लघवीची पिशवी) जोडली असेल तर वरच्या कोपऱ्याला छेद हवा, नाहीतर हवा जायला वाटच नसते. छातीच्या ट्यूबला, ईटीला (श्वासनलिकेतली ट्यूब), दोन्ही सुयांना चिकटपट्टीऐवजी फीत बांधा, घामाने पट्टी सुटते.

चिठ्ठीत "पॉलिट्रॉमा, रेफर टू हायर सेंटर" एवढंच नको. अपघाताची वेळ, टूर्निकेची वेळ, ट्रॅनेक्साची वेळ, भूल द्यायच्या आधीचा जीसीएस डोळे-बोलणं-हालचाल असा वेगळा, दोन्ही बाहुल्या, किती मिली गेलं. भूल दिल्यानंतर पुढच्या डॉक्टरला हा जीसीएस पुन्हा काढता येत नाही.

भूलशास्त्र

एक राहिलं. रक्ताच्या पिशव्या दोन जरी गेल्या तरी कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्क्यांचं १० मिली हळू द्या, वेगळ्या सुईतून. पिशवीतलं रक्त गोठू न देणारं सायट्रेट कॅल्शियम धरून ठेवतं. आरएल रक्ताच्या नळीतून सोडू नका, गुठळ्या होतात, एनएसच.

शल्यक

एमएलसीचा प्रश्न राहून गेला होता. नोंद हवीच, पण उपचार पोलिसांसाठी थांबत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे स्पष्ट केलंय. रजिस्टरमध्ये दोन ओळी, पोलीस ठाण्याला फोन, सविस्तर नंतर लिहा. नातेवाईक पैशांचं विचारतील: २०२५ च्या केंद्राच्या कॅशलेस योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाची मर्यादा आहे, योजनेत नसलेल्या रुग्णालयात मात्र फक्त स्थिर करेपर्यंत. म्हणून कुठे पाठवताय ते रुग्णालय यादीत आहे का, हे गाडी निघायच्या आधी फोनवरच विचारून घ्या.