मदत हवी आहे: टायटॅनियमवर पॉलिमरची साखळी वाढते कशी?

मंडळी, मी मालवणचा, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. आमच्या होडीचे दोर पॉलिप्रॉपिलीनचे. पाण्यावर तरंगतात म्हणून बाबा खूश. मी मात्र त्याच दोरात अडकलोय! जर्मन रसायनशास्त्रज्ञ झिग्लरने 1953 मध्ये टायटॅनियम क्लोराइड आणि अल्युमिनियम अल्किल (अल्युमिनियमला कार्बनी गट जोडलेलं संयुग) उत्प्रेरक म्हणून वापरून कमी दाबाखाली एथिलीनचं पॉलिमर (छोटे रेणू जोडून झालेली लांब साखळी) केलं, पुढच्या वर्षी इटलीच्या नाट्टाने प्रॉपिलीनचं. इथवर ठीक. टायटॅनियमवरच्या रिकाम्या जागेत ऑलेफिन (एथिलीन-प्रॉपिलीनसारखा दुहेरी बंधाचा रेणू) येऊन बसतं आणि धातू-कार्बन बंधात शिरतं, हेही कळलं.

पण प्रत्येक प्रॉपिलीन आपला मिथाइल गट एकाच बाजूला ठेवून कसं शिरतं? त्याला दिशा कोण दाखवतं, उत्प्रेरकाच्या स्फटिकाचा पृष्ठभाग की वाढती साखळी? आणि अभिक्रियेत हायड्रोजन वायू मिसळला की साखळी आखूड का होते?

कुणी कागदावर आकृती काढून फोटो टाकेल का? पुस्तकातली बाणांची जत्रा बघून डोकं भणभणलंय.