कायदा आणि मानसशास्त्र एकत्र शिकलं तर दोन्ही अर्धवट राहतं का?

मधुमालती
विद्यापीठात प्रवेश घ्यायचा आहे आणि मला हे दोन्ही विषय हवे आहेत. कारण सांगते. आजोबा गेल्यावर त्यांच्या मृत्युपत्रावरून घरात वाद झाला. त्यांना स्मृतिभ्रंश होता आणि मृत्युपत्र त्याच काळातलं. काका डॉक्टरांचे कागद पुढे करायचे. वकील मात्र एकच विचारत राहिले, सही केली त्या दिवशी त्यांना काय काय समजत होतं? कागदांत आजाराचं नाव होतं, या प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं. मला नेमकं तेच शिकायचं आहे. घरचे म्हणतात, दोन्हीकडे अर्धवट राहशील. कोणी दोन्ही शिकलं आहे का? प्रत्यक्षात काय शिकवतात?

कलमदान
मी शिकले आहे. आधी दोन्ही विषयांची जोडपदवी, मग मानसशास्त्रात संशोधन. तुमच्या वकिलांच्या प्रश्नामागे इंग्लंडमधला १८७० सालचा एक निकाल आहे, बँक्स विरुद्ध गुडफेलो. जॉन बँक्सला भ्रम होत असत. एक मेलेला माणूस आणि सैतान आपला छळ करतात, असं तो मानायचा. वेड्यांच्या इस्पितळातही राहून आला होता. तरीही भाचीच्या नावाने केलेलं त्याचं मृत्युपत्र न्यायालयाने वैध ठरवलं. आपण मृत्युपत्र करतोय हे त्याला कळत होतं का, आपली मालमत्ता साधारण किती हे ठाऊक होतं का, कोणाचा हक्क विचारात घ्यायला हवा हे उमगत होतं का आणि त्याच्या भ्रमाने या वाटणीवर काही परिणाम केला का, एवढंच न्यायालयाने पाहिलं. आजार होता की नाही, एवढ्यावर निकाल लागला नाही.

हे एकदा कळलं की पुढचा बराच अभ्यास उलगडतो. १८४३ मध्ये इंग्लंडमध्येच डॅनियल मॅकनॉटनने पंतप्रधान पील यांच्या सचिवाला गोळी घातली आणि वेडाच्या कारणावरून तो सुटला. त्यावर गदारोळ झाला आणि न्यायाधीशांनी नियम घालून दिले. कृत्य करताना आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हे आरोपीला मनाच्या आजारामुळे कळतच नव्हतं का? इथेही प्रश्न आजाराच्या नावाचा नाही, त्या वेळी असलेल्या समजेचा आहे. मानसोपचारतज्ज्ञ निदान सांगू शकतो, पण त्या निदानावरून या प्रश्नाचं उत्तर कसं आणि कितपत काढता येतं, हे समजणारी माणसं फार कमी आहेत. म्हणूनच हा अभ्यास मला इतका मोलाचा वाटतो.

मला सगळ्यात आवडलेला भाग साक्षीचा. पुरावा कायद्यात पहिल्याच वर्षी शिकवतात की सरतपासणीत, म्हणजे वकील स्वतःच्या साक्षीदाराला विचारतो तेव्हा, सूचक प्रश्न (ज्यात उत्तर आधीच सुचवलेलं असतं) विचारायचे नाहीत, विरुद्ध बाजूच्या उलटतपासणीत चालतात. का, याचं उत्तर मला मानसशास्त्राच्या वर्गात मिळालं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये लोकांना अपघाताची फीत दाखवली. मग काहींना विचारलं, गाड्या 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, 'धडकून चक्काचूर झाल्या' तेव्हा किती होता? दुसऱ्या गटाने जास्त वेग सांगितला. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच नव्हतीच. तरी जोरदार शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण 'हो' म्हणाले, सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७. त्यानंतर मी कुठलाही जबाब वाचताना आधी प्रश्न कसा विचारला होता ते शोधते.

कठीण काय, तेही सांगते. मानसशास्त्र गटांबद्दल बोलतं, न्यायाधीशाला मात्र समोरच्या एका माणसाबद्दल ठरवायचं असतं. १६ आणि ७ हे आकडे तुमच्या खटल्यातला साक्षीदार चुकला की नाही, हे सांगत नाहीत. या अडचणीवर सोपा तोडगा नाही. ती प्रामाणिकपणे मांडता येणं हेच या शिक्षणातलं खरं कसब.

दुसरा बाक
माझं मत थोडं वेगळं आहे. आधी एक विषय पक्का करा, दुसरा नंतर. मी कायदा पूर्ण करून मानसशास्त्राकडे आलो आणि त्यामुळे निकाल वाचायची सवय मोडली नाही. दुसरं म्हणजे, जोडपदवीतल्या मानसशास्त्राने रुग्ण तपासण्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी बहुतेक देशांत वेगळं पदव्युत्तर प्रशिक्षण आणि परवाना लागतो. वकिलीसाठीही पदवीला मान्यता आहे का, ते प्रवेशाआधीच लेखी विचारून घ्या.

मधुमालती
दोघांचेही मनापासून आभार. बँक्सचा खटला वाचायला घेतला आहे. कलमदानताई, आकडेशास्त्राची भीती वाटते. ते टाळता येतं का?

कलमदान
टाळू नका. आकडेशास्त्र येत नसेल तर तज्ज्ञाच्या अहवालातलं फक्त शेवटचं वाक्य वाचता येतं आणि न्यायालयात तेच उलटतपासणीत कोसळतं. सराव केला की जमतं.

दुसरा बाक परवान्याबद्दल म्हणतात ते अगदी खरं. आधी एक, मग दुसरं, हे मात्र मला पटत नाही. सूचक प्रश्नांचा नियम आणि लॉफ्टसचा प्रयोग मी एकाच सत्रात शिकले, म्हणून ते एकमेकांना भिडले. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाने १९७४ पासून दोन्ही विषय एकत्र विणलेला अभ्यासक्रम चालवला आहे, तो यासाठीच. तुम्ही विद्यापीठ निवडताना नावावर जाऊ नका, विषयांची यादी मागवा. पुरावा कायदा आणि स्मृतीचा अभ्यास शेजारी शेजारी आहेत का, दोन्ही विभागांचे शिक्षक मिळून एखादा तरी वर्ग घेतात का, ते पाहा. नुसते दोन विभागांचे वेगवेगळे पेपर एका पदवीत बांधलेले असतील, तर दुसरा बाक यांचा मार्ग जास्त बरा.