'व्हीटॉल' विमानाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

आठवी-नववीच्या मुलांसाठी विमानांवर एक छोटी पुस्तिका मराठीत लिहिते आहे. 'व्हर्टिकल टेक-ऑफ अँड लँडिंग', म्हणजे व्हीटॉल, इथे गाडं अडलंय. माझ्यासमोरचे पर्याय: ऊर्ध्वगामी विमान, उदग्र उड्डाण-अवतरण विमान, जागेवरून उडणारं विमान. एकही मनाला पटत नाही.

दुसरी शंका 'हॉवर' या क्रियापदाची. 'विमान घिरट्या घालतं' असं लिहिलं तर चालेल का?

आणि एका मुलाचा प्रश्न. जून २०२५मध्ये ब्रिटिश नौदलाचं एफ-३५बी हे लढाऊ विमान तिरुवनंतपुरमला उतरलं आणि बिघाडामुळे महिन्याहून जास्त काळ तिथेच राहिलं. त्याने विचारलं, "त्याला धावपट्टी लागत नाही, तर ते धावपट्टीवर कशाला उतरलं?" यालाही नीट उत्तर द्यायचं आहे.

प्रतिसाद

ताई, 'ऊर्ध्व' आधी बाजूला ठेवा. ऊर्ध्वगामी म्हणजे वर जाणारं, आणि वर तर प्रत्येक विमान जातं. 'ऊर्ध्व अवतरण' या जोडीत तर एक शब्द वर ओढतो आणि दुसरा खाली.

'उदग्र' परिभाषेतला शब्द आहे आणि त्याची फोड बघण्यासारखी आहे: उद् अधिक अग्र, ज्याचं टोक वर आहे ते. म्हणजे विमानाचं नाक आभाळाकडे हवं. अशी विमानं खरोखर बनली होती. अमेरिकन नौदलासाठी कॉन्व्हेअर कंपनीने बनवलेलं 'पोगो' १९५४ साली उडालं. ते शेपटीवर उभं राहायचं, नाकाशी एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे दोन पंखे. वर जाणं त्याला जमलं, हवेत आडवं होणंही जमलं. पण उतरताना वैमानिक पाठीवर निजलेला आणि जमीन त्याच्या पाठीमागे, त्यामुळे खांद्यावरून मागे बघत ते खाली आणावं लागे. ते काम इतकं अवघड होतं की प्रकल्पच सोडून द्यावा लागला. या जातीला 'उदग्र' शोभतं. हॅरियर हे ब्रिटिश लढाऊ विमान किंवा एफ-३५बी मात्र वर जाताना आणि खाली येताना पोट जमिनीकडेच ठेवतात.

मुलांसाठी 'उभा' घ्या. उभी रेघ, उभा छेद, उभा चढ, सगळं त्यांच्या ओळखीचं. फक्त तो शब्द विमानाला लावू नका, क्रियेला लावा. 'उभं विमान' म्हटलं की ते तळावर उभं असलेलं वाटतं. 'उभं चढणं' आणि 'उभं उतरणं' यात घोटाळा होत नाही.

प्रतिसाद

मी नौदलात होतो, गोव्यात दाबोळीला, सी हॅरियरच्या इंजिनांवर काम केलं. वरचं सगळं मान्य, पण एक गोष्ट पुस्तिकेत आलीच पाहिजे. 'उभं चढणं' आणि 'उभं उतरणं' या दोन गोष्टी जोडीने बोलल्या जातात, प्रत्यक्षात त्या सारख्या कामाच्या नाहीत. हॅरियर रोजच्या कामात उभं चढत नसे. उभं उतरत असे.

कारण वजनाचं आहे. उभं चढायचं तर विमानाचं सगळं वजन एकट्या इंजिनाने उचलायचं, पंखांची काहीच मदत नाही. सी हॅरियरच्या पेगासस इंजिनाचा जोर सुमारे ९.७ टन. विमानाचं जास्तीत जास्त उड्डाणवजन सुमारे ११.९ टन. म्हणजे इंधन आणि शस्त्रं पुरती भरली की ते जागेवरून उचललंच जाणार नाही. शिवाय गोव्याची उष्ण हवा विरळ, त्यात इंजिनाचा जोर आणखी उतरतो. म्हणून थोडं धावायचं, पंखांना थोडी उचल मिळू द्यायची आणि त्याच वेळी नॉझल (इंजिनाचा झोत बाहेर सोडणारी तोंडं) खाली वळवायचे. कामगिरी करून परत येईपर्यंत इंधन जळून गेलेलं असतं, विमान हलकं झालेलं असतं. मग ते उभं उतरू शकतं. याला 'शॉर्ट टेक-ऑफ, व्हर्टिकल लँडिंग' म्हणतात, संक्षेप स्टोव्हल. हॅरियरला आणि एफ-३५बीला नेमका लागू पडणारा शब्द हाच. तुम्ही 'आखूड धावेचं, उभं उतरणारं विमान' लिहा. लांब आहे, पण त्यात विमान काय करतं ते बरोबर येतं.

'विराट' या आपल्या जुन्या विमानवाहू नौकेच्या डेकचं टोक वर वळवलेलं होतं, १२ अंशांनी. त्याला सगळे स्की-जंपच म्हणतात. धावत आलेलं विमान त्या चढावरून वर फेकलं जातं आणि वेग धरायला त्याला दोन-चार क्षण जास्त मिळतात. ही ब्रिटिश नौदलातल्या एका अधिकाऱ्याची कल्पना, १९७७ साली जमिनीवर तिच्या चाचण्या झाल्या. 'विराट' म्हणजे पूर्वीची 'हर्मीस'. १९८२च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती आणि १९८७ साली ती आपल्या नौदलात आली. सी हॅरियर मात्र आपल्याकडे त्याआधीच, डिसेंबर १९८३मध्ये दाबोळीला उतरली आणि आधी जुन्या 'विक्रांत'वरून उडाली.

उतरणं बघण्यासारखं असायचं. विमान जहाजाच्या डाव्या अंगाला येऊन जहाजाच्याच वेगाने चालायचं, मग आडवं सरकत डेकवर यायचं आणि खाली बसायचं. वैमानिकाच्या डाव्या हाताशी, इंजिनाचा जोर ठरवणाऱ्या थ्रॉटलशेजारी, एक जास्तीचा दांडा असतो, नॉझलचा कोन बदलणारा. हॅरियर आणि इतर विमानं यांच्यात कॉकपिटमधला ठळक फरक तो एवढाच. वेग नसला की पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या झडपा निकामी होतात. मग तोल सांभाळायला इंजिनातली दाबलेली हवा नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांना नेऊन छोट्या तोट्यांतून सोडतात. तापलेल्या इंजिनाला थोडा वेळ जास्त जोर लावता यावा म्हणून त्यात पाणी फवारतात. ते पाणी विमानातल्या टाकीत जेमतेम दीड मिनिट पुरेल एवढंच असतं. त्यामुळे उतरताना रेंगाळायला वेळ नसे.

उभं चढणं निरुपयोगी होतं असं मी म्हणत नाही. फॉकलंडला जाताना 'अटलांटिक कन्व्हेयर' या मालवाहू जहाजावरून हॅरियर नेली होती. तिथे धावायला जागाच नव्हती, तेव्हा ती थोड्या वजनाने उभी चढून विमानवाहू नौकांवर गेली. पण उभं उतरण्याने वाचवलं ते मोठं आहे. जून १९८३मध्ये पोर्तुगालजवळच्या समुद्रात एका तरुण ब्रिटिश वैमानिकाला आपली नौका सापडेना आणि इंधन संपत आलं. त्याने सी हॅरियर 'अल्राइगो' नावाच्या स्पॅनिश मालवाहू जहाजावर, कंटेनरांच्या थप्पीवर उतरवलं. विमान मागे घसरून खालच्या एका व्हॅनवर टेकलं, तरी वैमानिक आणि विमान दोन्ही हाती लागले.

तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. धावपट्टी मिळत असेल तर तिच्यावर उतरणं हेच शहाणपणाचं. उभं उतरताना इंजिन पुऱ्या ताकदीला आणावं लागतं, इंधन भराभर जळतं आणि खाली सुटणारा गरम झोत जमीन भाजून काढतो. एफ-३५बीच्या झोतासाठी तर जहाजाच्या डेकवर खास उष्णतारोधक लेप द्यावा लागतो. तिरुवनंतपुरमला चांगली लांब धावपट्टी होती आणि त्या विमानाकडे इंधन कमी होतं.

प्रतिसाद

'हॉवर'ला 'घिरट्या' नको. घिरट्या म्हणजे गोल फिरणं, घार घालते त्या. हॉवर म्हणजे एका जागी थांबणं. माळावर कापशी घार पंख फडफडवत एका बिंदूवर थांबून खालचा उंदीर न्याहाळते, ते हॉवर. 'हवेत स्थिर राहणं' सरळ आहे. 'तरंगणं' मला आवडत नाही, त्यात काही कष्ट पडत नाहीत असं वाटतं, आणि इथे तर इंजिनाचा जीव निघत असतो. 'अधांतरी थांबणं' गोष्टीत चालेल.

प्रतिसाद

हेलिकॉप्टरही उभंच चढतं-उतरतं, म्हणून व्याख्येने तेही व्हीटॉल. बोलताना मात्र व्हीटॉल म्हटलं की लोकांना पंखांवर वेगाने उडणारं आणि तरीही उभं उतरणारं यान अपेक्षित असतं. मधली जात म्हणजे ऑस्प्रे. त्याचे दोन्ही रोटर, म्हणजे हेलिकॉप्टरसारखी फिरणारी पाती, पंखांच्या टोकांना असतात. वर जाताना ते आभाळाकडे, मग हळूहळू कलून पुढे. १९८९ साली ते पहिल्यांदा उडालं, अमेरिकन मरीन दलात २००७पासून कामाला लागलं. 'कलत्या रोटरचं विमान' म्हणा.

सध्या चर्चेत असलेल्या विजेवरच्या हवाई टॅक्सींना कृपया 'उडती मोटार' लिहू नका. त्यातल्या बहुतेक रस्त्यावर चालतच नाहीत. चेन्नईला आयआयटी मद्रासमधून निघालेली एक कंपनी असं यान बनवते आहे, त्यालाही पंख आणि रोटर आहेत. 'विजेवरची हवाई टॅक्सी' पुरेसं आहे.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मुख्य शब्द 'व्हीटॉल'च ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे 'उभं चढणारं-उतरणारं विमान' असा खुलासा देते. हॅरियर आणि एफ-३५बीच्या पानावर काकांचा 'आखूड धावेचं, उभं उतरणारं'. हॉवरला 'हवेत स्थिर राहणं'. एक शेवटची शंका: नव्या 'विक्रांत'वरची आणि 'विक्रमादित्य'वरची मिग-२९के यात बसतात का? तिथेही स्की-जंप आहे.

प्रतिसाद

नाही. ती स्की-जंपवरून आखूड धावेने उडतात, पण उभी उतरू शकत नाहीत. शेपटीखालचा आकडा डेकवर ताणलेल्या तारेत अडकतो आणि तार विमानाला थांबवते. म्हणून स्की-जंपचं चित्र 'उभं उतरणं' या मजकुराशेजारी छापू नका, मुलं दोन्ही एकच समजतील.

'विक्रमादित्य'चाच पूर्वेतिहास द्या, फरक लगेच कळेल. ती सोव्हिएत 'बाकू', पुढे 'गोर्शकोव्ह'. तेव्हा तिच्यावर याक-३८ असायची, उभी उतरणारी, म्हणून तारांची गरज नव्हती. याकमध्ये कॉकपिटच्या मागे दोन छोटी इंजिनं केवळ वर उचलण्यासाठी बसवलेली. एरवी ती बंद, नुसतं ओझं. हॅरियरमध्ये एकच इंजिन दोन्ही कामं करतं. एफ-३५बीमध्ये मुख्य इंजिनाच्या दांड्यावर चालणारा मोठा पंखा कॉकपिटमागे असतो, त्याला मी 'उचल-पंखा' म्हणेन. आपल्यासाठी 'गोर्शकोव्ह'ची पुनर्बांधणी झाली तेव्हा पुढच्या भागातली क्षेपणास्त्रं काढून तिथे स्की-जंप केला आणि मागे तारा बसवल्या.