जुन्या तंबोऱ्याची एक खुंटी हलत नाही, दुसरी टिकत नाही

सा_लागेना
नमस्कार मंडळी. आमच्याकडे सासूबाईंचा तंबोरा आहे, मिरजेचा, त्यांनी 1968 साली घेतलेला. नंतर कितीतरी वर्षं गवसणीत घालून कपाटावर आडवा पडून होता. मी गेल्या वर्षी गाणं परत सुरू केलं म्हणून खाली काढला, नव्या तारा घातल्या, काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला) लावते. उन्हाळ्यात बरा चालला पण जुलै लागल्यापासून वैताग आणलाय. खरजाची, म्हणजे खालच्या 'सा'च्या तारेची, खुंटी (बाजूची) दगडासारखी बसलीये, दोन्ही हातांनी पिळली तरी ढिम्म, आणि पंचमाची ('प'च्या तारेची) नेमकी उलटी, सुरात आणून हात काढला की दोन मिनिटांत तार खाली. रियाजाची पहिली वीस मिनिटं यातच जातात. नवरा म्हणतो पकडीने फिरवतो, त्याला कसंबसं थांबवलंय. ओळखीतले एक जण म्हणाले गिटारसारख्या चाव्या बसवून टाका, कटकट संपेल. बसवाव्यात का?

खरजातला_काका
ताई, पकड आधी लपवून ठेवा. खुंटीची मान तुटली की उरलेला तुकडा भोकात अडकतो आणि तो कोरून काढताना भोकाचा आकार बिघडतो, मग मूळची खुंटी गेली ती गेलीच.

खुंटी म्हणजे स्क्रू नाही, निमुळतं लाकूड निमुळत्या भोकात घासून बसवलेलं असतं, सगळा खेळ त्या घासण्यावर. पावसाळ्यात लाकूड ओल पितं आणि फुगतं, पण सगळीकडून सारखं नाही, रेषेच्या आडवं जास्त आणि रेषेच्या दिशेने जवळजवळ नाहीच. त्यामुळे पन्नास पावसाळे काढलेली खुंटी गोल राहत नाही, किंचित लंबगोल होते, भोकही होतं. मग दोघांची गाठ दोनच जागी पडते, एका ठिकाणी गच्च बसते आणि जरा फिरवली की सुटते.

अडकलेली सोडवायची तर खोलीतली ओल आधी घालवा. एसी असेल तर ड्राय मोडवर दार बंद करून दोन दिवस तंबोरा त्या खोलीत ठेवा, थेट झोताखाली नको. हेअर ड्रायर अजिबात मारू नका, जुन्या मिरज कामाला लाखेचं पॉलिश असतं, गरम झालं की चिकट होऊन बोटांचे ठसे उमटतात. दोन दिवसांनी हातात रबरी ग्लोव्ह घालून तार उतरते त्या दिशेला फिरवा आणि फिरवताना बाहेर ओढा. तेल सोडायचं नाही.

एक मात्र कळलं नाही. पावसात घट्ट होणं ठीक, सैल होणं विचित्र आहे. पंचमाच्या खुंटीला कधी काही लावलंय का?

नवा_बजाज
चाव्यांबद्दल, माझं मत पक्कं नाही. प्रवासातल्या छोट्या तंबोऱ्याला चाव्या असतात आणि झकास चालतात, मी स्वतः वापरतो. पण तुमच्या तंबोऱ्याला बसवायच्या तर दांडीला नवी भोकं पडणार, ती परत बुजत नाहीत. 1968 चं काम आहे, थांबा जरा.

आणि आधी खुंटी खरंच सरकते का ते तरी बघा. पेन्सिलीने खुंटीवरून दांडीवर एक बारीक रेघ मारा. सूर उतरला आणि रेघ तुटली तर खुंटी सरकली. रेघ जागेवर असेल तर खुंटी निर्दोष, मग नवी तार ताणतेय किंवा खाली लंगोटाशी (तारा अडकवतात तिथे) गाठ सुटतेय किंवा वेढे एकावर एक चढलेत ते आवळतायत. मी महिनाभर खुंटीला शिव्या घातल्या होत्या, चूक तारेच्या गाठीची निघाली.

सा_लागेना
रेघ मारली. तुटली, चांगली अर्धा सेंटिमीटर. आणि काका, तुम्ही विचारलंत म्हणून घरात चौकशी केली तर मुलगा म्हणतो त्याने मागच्या दिवाळीत "आईला मदत" म्हणून तिथे शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं 🤦

खरजातला_काका
झालं. पोराला रागावू नका, हेतू चांगला होता.

आता पंचमाची एकच तार उतरवा, बाकीच्या तशाच ताणलेल्या राहू देत. घोडी (तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते, सगळ्या सैल केल्या की ती सरकते आणि जवारी (तारेचा घुमारा) परत जुळवत बसावं लागतं. खबरदारी म्हणून घोडीच्या पायांशी तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) पेन्सिलीचे ठिपके करा. खुंटी बाहेर काढून जिथे भोकात बसते तेवढाच भाग स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पण तंबोऱ्यापासून लांब बसून, कारण स्पिरिटने लाख विरघळते. भोकात स्पिरिट नको, कोरडं फडकं पिळून घाला, मग खडूची पूड भरून रात्रभर ठेवा, ती तेल ओढून घेईल, सकाळी झटका.

मग फळ्याचा साधा पांढरा खडू खुंटीला हलका घासा, बसवा, पाचसहा वेळा फिरवा. खडू पकड देतो, कोरडा साबण घसरण देतो. कुरकुरायला लागली तर साबणाची वडी एकदाच फिरवा, जास्त नाही. आणि हो, खुंट्यांची अदलाबदल करू नका, प्रत्येकीचं भोक वेगळं असतं.

एडिसनहून
आमच्याकडे न्यू जर्सीत सगळं उलटं. जानेवारीत हीटिंग सुरू झालं की हवा इतकी कोरडी की चारही खुंट्या एका रात्रीत सैल, सकाळी बघावं तर तारा लोंबतायत. खोलीत ह्युमिडिफायर लावून आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांत ठेवली तेव्हा थांबलं. तुम्हाला पावसाळ्याचं जे, ते आम्हाला थंडीचं.

सा_लागेना
अपडेट. खरजाची खुंटी तिसऱ्या दिवशी "कट्" आवाज करून सुटली, मला वाटलं मोडली! साबण-खडू लावून बसवली, छान फिरतेय. पंचम आता तासभर टिकतो, मग थोडा उतरतो, तेवढं तारेतल्या मण्याने (बारीक सूर मिळवायच्या) भागवते. पण खुंटी बाहेर होती तेव्हा नीट बघितलं, दोनच ठिकाणी घासून चकचकीत झालीये, बाकी सगळी मळकी. म्हणजे लंबगोलच ना काका?

खरजातला_काका
लंबगोलच. खडूवर हा पावसाळा निघेल, पण खरं काम म्हणजे खुंटी तासून भोक त्याच उताराने साफ करणं, आणि ते घरी करायचं नाही, सॅंडपेपर तर नाहीच. मिरजेला सतारमेकर गल्लीत घेऊन जा. तिथल्या सतार-तंबोऱ्याला आता 2024 पासून जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन आहे, पण त्याच्या कितीतरी आधीपासून दुरुस्तीला लोक लांबून तिथेच जातायत. पाऊस संपून लाकूड वाळलं की न्या, दिवाळीनंतर. आत्ता ओल्या लाकडावर बसवलेली खुंटी मार्चमध्ये सैल होईल.

नवा_बजाज
कल्याणकडून निघणार असाल तर मिरजेला महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची पडेल. भोपळा तुमच्याजवळ, बर्थच्या आतल्या बाजूला, वर कोणाची बॅग येऊ देऊ नका. तारा दोनेक स्वर उतरवा, पूर्ण सोडू नका, नाहीतर घोडी कर्जतलाच आडवी होईल.