बडोद्याच्या पावसात चामड्याचं सीट टिकेल का?

प्रश्न: रोज अलकापुरी ते मकरपुरा सायकलने जातो. फोमचं सीट दबलंय, ब्रूक्स कंपनीचं बी१७ हे चामड्याचं सीट घ्यावं म्हणतोय. पावसाळ्यात काय होईल?

उत्तर १: टिकेल, पण लाड करावे लागतील. हे चामडं पुढच्या टोकापासून मागच्या पट्टीपर्यंत झोळीसारखं ताणलेलं असतं. ओलं असताना बसलात की ते ताणतं आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. सीटवर चढवायची पावसाळी टोपी जवळ ठेवाच, पण त्याहून महत्त्वाचं मागचं मडगार्ड. चाकाचं पाणी खालच्या कच्च्या बाजूला उडतं, तिथे टोपीचा उपयोग नाही. भिजलं तर सावलीत वाळवा. उन्हात कडक होऊन तडकतं.

उत्तर २: वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आणि पहिले काहीशे किलोमीटर अक्षरशः पाट! लवकर मऊ व्हावं म्हणून खोबरेल मात्र ओतू नका, पार लोळागोळा होतं. मेणाचं मलम बोटाने पातळ लावा, रात्रभर मुरू द्या, सकाळी फडक्याने घासा.

प्रश्नकर्ता: आणि सीटच्या नाकाखालचा, चामडं ताणायचा तो बोल्ट?

उत्तर १: नव्या सीटला हात लावू नका. झोळ दिसला तरच, तोही एका वेळी पाव फेरा. जास्त आवळलं की चामडं रिव्हेटपाशी फाटतं.